आडवी हातोडी

लोहाराचा जबडा त्याच्याच बायकोने मोडला, एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं ज्याने त्याने आपल्या मनाने जोडून घेतलं. कोणी म्हणतं, त्याचं कारखान्यात लफडं होतं. कोणी म्हणतं, बाई पहिल्यापासून तापट, तिला नुसतं निमित्त हवं होतं. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. लफडं नव्हतं. त्या दुसऱ्या बाईच्या बोटाला लोहाराने कधी बोटही लावलं नव्हतं. लावलं असतं तर बायकोने शिव्या घातल्या असत्या, घरातली भांडी आपटली असती आणि कदाचित निभावूनही नेलं असतं. त्याने केलं ते त्याहून वाईट होतं, आणि आपण काही वाईट केलं हे त्या गाढवाला कळलंही नव्हतं.

बायकोला सगळे घणवाली म्हणत. नाव जुनं होतं. लग्न झालं तेव्हा दोघांनी घरामागे पत्रे टाकून भट्टी लावली होती. तो सांडशीत लोखंड धरायचा आणि ती घण मारायची. बघणारे बघत राहायचे, कारण घण तिच्या कमरेपेक्षा जड वाटायचा आणि पडायचा मात्र बरोबर जिथे पडायला हवा तिथेच. नवऱ्याचं बोट घणापासून चार बोटांवर असायचं. त्याने कधी डोळासुद्धा लववला नाही. संसारात याहून मोठा विश्वास कोणता असतो, हे तिला आजही कोणी सांगावं.

भट्टीपाशी तोंडाने बोलून उपयोग नसतो. म्हणून लोहार हातोडीने बोलतो. तो लोखंडावर हातोडी जिथे टेकवेल तिथे घण घालायचा. हलकी टेकवली तर हलका, जोरात टेकवली तर जोरात. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की बास, घण खाली. हे सगळ्याच लोहारांचं असतं. पण या दोघांनी त्यात आपलं एक भरीला घातलं होतं. काम चालू असताना मध्येच तो ऐरणीच्या कडेवर तीनदा हळूच वाजवायचा, ठक ठक ठक. म्हणजे, दमलीस का? दमली नसेल तर तिने घण उचलायचा. दमली असेल तर त्याच्या हातातली हातोडी घेऊन ऐरणीवर आडवी ठेवायची. इतक्या वर्षांत तिने ती एकदाही आडवी ठेवली नाही. त्याने विचारावं आणि आपण घण उचलावा, यातच तिचं सुख होतं.

मग तिला दिवस गेले. पोट दिसायला लागलं तशी त्याने कुरकुर सुरू केली. "आता पुरे कर. मी कोणीतरी माणूस बघतो."

"हात माझे आहेत की तुमचे?" ती हसून म्हणायची.

त्या दिवशी एक मोठं काम आलं होतं, पहारी घडवायच्या होत्या. दुपारी त्याने ठक ठक ठक केलं. तिची कंबर सकाळपासून मोडत होती. तिने घण उचलला. संध्याकाळी रक्त गेलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगी होती. डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं की याचा घणाशी काही संबंध नाही, असं कधीकधी होतंच. दोघांनी माना हलवल्या. विश्वास एकाचाही बसला नाही.

नवरा पलंगापाशी उभा राहिला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर त्याने भट्टी मोडली, ऐरण विकली, भाता कोणाला तरी देऊन टाकला आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्यात कामाला लागला. "तू आता आराम कर," एवढंच म्हणाला. त्याला वाटलं, आपण माया करतोय. तिला वाटलं, पोरीबरोबर आपल्यालाही टाकून दिलं. मुलीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. तिने काढला की तो उठून नळाखाली हात धुवायला जायचा. त्याने आपल्याबरोबर एकदा रडावं म्हणून ती वाट बघत राहिली. शेवटी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नणंदेला म्हणाली, "वन्सं, दगडाला पाझर फुटेल, तुमच्या भावाला नाही फुटायचा." आणि तिने वाट बघणं सोडून दिलं. घरी बसून ती कामगारांचे चामड्याचे हातमोजे शिवायला लागली.

कारखान्यात माणसाच्या हातातला घण नव्हता. यंत्राचा होता, माणसापेक्षा उंच. एकाने खाली लोखंड धरायचं आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून लिव्हर दाबायचा. जितका दाबाल तितका घाव. लोहाराच्या यंत्रावर लिव्हरला एक बाई होती. तिचा नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार वेळा घरी दिसायचा. बाई बडबडी, हसरी, कामाला वाघ. सुरुवातीला लोहार घरी येऊन तिचंच सांगायचा. आज लिव्हरवालीने मुकादमाची कशी जिरवली, आज लिव्हरवालीच्या डब्यावर मांजर कसं बसलं. घणवाली ऐकायची, हसायची. कारखान्यात जोडीदार चांगला मिळाला तर नवऱ्याची बोटं शाबूत राहतात, एवढं तिला कळत होतं. एकदा तो म्हणाला, "मोज्यांचा एक जोड शिव. जरा लहान मापाचा. आमच्यातल्या एकाला हवाय." तिने शिवले. मनगटापाशी दुहेरी टाका घातला, तापलेली ठिणगी आत जाऊ नये म्हणून.

मग तो लिव्हरवालीचं सांगायचा थांबला. घणवालीच्या ते लक्षातही आलं नसतं. नणंदेच्या आलं.

"हल्ली तिचं नाव निघत नाही गं याच्या तोंडून," जिन्यात बसून दाणे निवडता निवडता नणंद म्हणाली.

"मग चांगलंच की. माझे कान सुटले."

"वेडी आहेस. बाप्या माणूस बोलत असतो तोवर काही नसतं. बोलायचा थांबला की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय."

"वन्सं, तुमचा भाऊ माझ्याशी बोलत नाही तो तिच्याशी काय बोलणार? मुका आहे तो."

नणंद दाणे निवडत राहिली. तिला भावाची जात माहीत होती.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी लोहार भट्टीचा काळा चष्मा घरीच विसरला. जाळाकडे उघड्या डोळ्यांनी बघितलं तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. घणवालीने चष्मा उचलला आणि निघाली. कारखान्यात ती कधी गेली नव्हती. फाटकातून आत शिरली आणि तोच जुना वास नाकात गेला, तापल्या लोखंडाचा, तेलाचा, कोळशाचा. घण धरल्यासारख्या तिच्या मुठी आपोआप वळल्या.

नवरा समोरच्या यंत्रावर होता, तिच्याकडे पाठ करून. बाजूला लिव्हरवाली. पहारीचं टोक घडवणं चाललं होतं. घण धाडकन पडायचा, जमीन हादरायची, नवरा लोखंड फिरवायचा. मानेची खूण नाही, हाक नाही, दोघांचं सगळं ठरलेलं. घणवालीला क्षणभर बरंच वाटलं. काम चांगलं चाललेलं बघितलं की कामाच्या माणसाला बरं वाटतं, मग ते कोणाचंही असो.

मग घण वर थांबला. नवऱ्याने हातातली हातोडी यंत्राच्या लोखंडी पायावर हळूच वाजवली. ठक ठक ठक.

लिव्हरवाली हसली. मान हलवली आणि लिव्हर दाबला. तिच्या हातात लहान मापाचे मोजे होते, मनगटापाशी दुहेरी टाका घातलेले.

घणवालीच्या हातातला चष्मा कधी पडला ते तिला कळलं नाही. ती मधल्या यंत्रांमधून वाट काढत गेली, एका कामगाराला खांद्याने बाजूला ढकललं आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला गर्रकन फिरवलं. सांडशीतलं लाल लोखंड हवेत फिरलं. दोन माणसं ओरडत मागे सरली.

"काय वाजवलंस?" ती ओरडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने नवऱ्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "आत्ता काय वाजवलंस ते पुन्हा वाजव."

"अगं, तू इथे? काय झालं?"

"ते कोणाचं होतं? माझं होतं ना? ते तू हिला शिकवलंस?"

"त्यात काय एवढं! हात दुखतात माणसाचे. विचारतो मी."

"मला किती वर्षांत विचारलंस?"

त्याने लोखंड परत भट्टीत सारलं आणि उभा राहिला. अख्खा कारखाना थांबला होता. तेवढ्यात लिव्हरवाली मध्ये आली. आगीत तेल ओतायला वाईट मन लागतं असं नाही. चांगल्या मनाने ओतलं तरी आग तेवढीच भडकते.

"वहिनी, शांत व्हा. तुम्ही समजता तसं काही नाही, आईशपथ. मला भावासारखे आहेत ते. आणि मिस्त्रींच्या मनात तुमच्याशिवाय कोणी नाही. तुमच्या बाळाचं आठवून अजून रडतात ते. डबा खाताना परवासुद्धा रडले. मुलगी असती तर आता शाळेत गेली असती म्हणाले. मीच समजूत घातली."

घणवालीने तिच्या मुस्काटात मारली.

साधी थप्पड नव्हती ती. घण मारलेला हात होता. लिव्हरवाली यंत्रावर आदळली आणि खाली बसली, ओठातून रक्त आलं. घणवाली तिच्यावर पुन्हा धावली तेव्हा दोन कामगारांनी तिला मागून धरलं. तिने एकाच्या पायावर टाच मारली, दुसऱ्याच्या हाताला चावली आणि सुटली. "माझी पोर!" ती किंचाळत होती. "माझी पोर हिला दिलीस? मी भिंतीशी बोलत बसले आणि तू हिच्यासमोर रडलास? ही कानामागून आली आणि तिखट झाली? रडायचं होतं तर माझ्यासमोर रडायचं होतंस! मी होते ना! घरात मीच होते ना!"

लोहार पांढरा पडला होता. "तुझ्यासमोर कसा रडू? तुला बघितलं की..." आणि थांबला. एवढ्या माणसांसमोर त्याची जीभ नेहमीसारखीच टाळ्याला चिकटली.

"तोंडाने सांगता येत नाही ना? मग धर." तिने लिव्हरचा दांडा पकडला. "धर लोखंड. हिच्या घणाखाली उभा राहतोस, माझ्या घणाखाली राहा. बघू दे मला."

मुकादम लांबून ओरडला, "अरे, थांबवा त्या बाईला!" पण लोहाराने हात वर करून सगळ्यांना मागे राहायला सांगितलं. भट्टीतून लोखंड काढलं. पिवळं झालं होतं. ते त्याने घणाखाली ठेवलं आणि हातोडी टेकवली.

तिने घाव घातला. जमीन हादरली. तो लोखंड फिरवायचा, हातोडी टेकवायचा, ती मारायची. यंत्र तिला पहिल्यांदाच हाताळायला मिळालं होतं, पण घाव कसा पडावा हे हाताला माहीत होतं. पाच-सहा घावांत पहारीचं टोक सरळ आलं. बघणारे श्वास रोखून होते. नवऱ्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि त्याने डोळा लववला नाही. पूर्वीसारखाच उभा होता. तिला तेच सहन झालं नाही. इतका विश्वास होता, तर मग एक शब्द का नव्हता?

लोखंड पिवळ्याचं लाल झालं, लालाचं काळपट. काम संपलं होतं. थंड लोखंडावर घण मारत नाहीत. ते घाव घेत नाही, उसळतं. हे कळायला लोहारही असावं लागत नाही. नवऱ्याने हातोडी यंत्राच्या पायावर आडवी ठेवली. बास.

तिने बघितलं. नीट बघितलं. आणि सगळ्या अंगाचा भार देऊन लिव्हर दाबला.

पहार उसळली. सांडशी त्याच्या हातातून सुटली आणि तिचा दांडा फिरून त्याच्या जबड्यावर बसला. आवाज लहान होता, सुकी काटकी मोडावी तेवढाच. तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. तोंडातून रक्ताबरोबर दोन दात बाहेर पडले. लिव्हरवालीच किंचाळत धावली, तिनेच बटण दाबून यंत्र बंद केलं, तिनेच मोजे काढून त्याच्या डोक्याखाली सारले. घणवाली दांडा धरून तशीच उभी होती. तिची बोटं दोन माणसांनी एकेक करून सोडवली.

दवाखान्यात कारखान्याच्या मालकाने विचारलं, काय झालं. लोहाराने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. माझंच चुकलं.

बाहेर बाकावर दोघी बसल्या होत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. लिव्हरवालीचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. रक्ताने माखलेले मोजे तिने मधल्या रिकाम्या जागेवर ठेवले.

"हे तुमचे," ती म्हणाली. "तुम्ही शिवलेत हे मघाशी तुमच्या नजरेवरून कळलं. आधी माहीत नव्हतं."

घणवालीने मोज्यांकडे बघितलं नाही.

"ते बोलायचे, मी ऐकायचे. ऐकण्यात काय वाईट, असं वाटायचं मला. पुण्याचं काम करतोय असंच वाटायचं." मग ती हळूच म्हणाली, "माझा नवरा घरी येतो ना, तेव्हा मीही त्याला काही सांगत नाही. माझं सगळं मिस्त्रींना सांगून झालेलं असतं. तो विचारतो, काय नवीन? मी म्हणते, काही नाही."

"तू ऐकलंस ते वाईट नव्हतं," घणवाली म्हणाली. "पण ते माझं होतं. मी उपाशी होते आणि माझं ताट तू जेवलीस."

लिव्हरवाली रडायला लागली. घणवालीने तिला गप्प केलं नाही आणि हाकललंही नाही.

डॉक्टरांनी लोहाराचे वरचे खालचे दात तारेने एकत्र बांधले. हाड जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, पातळ तेवढं चमच्याने गालाच्या फटीतून आत सोडायचं. घरी आणल्यावर नणंद भावाच्या चेहऱ्याकडे बघून भावजयीला इतकं बोलली की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. घणवाली त्याची उशी नीट करत राहिली. नणंद थकून वर गेली.

मग खोलीत दोघंच राहिले. दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. घणवाली वाटीतलं पातळ गार करून त्याच्या तोंडात सोडत होती आणि तिच्या मनातला राग अजून उकळतच होता. एवढं करूनही तो गेला नव्हता. उलट आता त्याला जायला वाटच नव्हती. ज्या तोंडातून दोन शब्द ऐकायचे म्हणून तिने एवढा आकांत मांडला, ते तोंड तिनेच बंद करून ठेवलं होतं.

"आता काय?" ती त्याला म्हणाली. "बोल ना. तिला काय काय सांगितलंस, मला सांग. पोर कोणासारखी दिसली असती म्हणालास? नाव काय ठेवलं असतंस? तिला माहीत असेल. मला नाही माहीत."

त्याने घशातून काहीतरी आवाज काढला. तारा ताणल्या, तो कळवळला.

"तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं खाल्ला. आता तू खा." आणि वाटी तिने भिंतीवर फेकली. पातळ सगळीकडे उडालं. वाटी जमिनीवर फिरत फिरत थांबली.

तो तिच्याकडे बघत होता. चमचा पलंगावर राहिला होता, तो त्याने उचलला आणि पलंगाच्या लोखंडी पट्टीवर वाजवला. ठक ठक ठक.

"खबरदार!" ती अंगावर धावून गेली. "ते पुन्हा वाजवलंस तर हात मोडीन. उष्टं झालं ते. मला नको."

त्याने पुन्हा वाजवलं. ठक ठक ठक. तिने त्याच्या खांद्यावर बुक्की मारली, जोरात. त्याचं डोकं उशीवर हललं, डोळ्यांत पाणी आलं. त्याने परत वाजवलं, आणि दुसरा हात तिच्या पोटावर ठेवला.

ती थांबली.

तो आजचं विचारत नव्हता. तो त्या दिवशीच्या दुपारचं विचारत होता. तेव्हा त्याने विचारलं होतं आणि ती खोटं बोलली होती. कंबर मोडत असताना तिने घण उचलला होता. त्याने तिचं ऐकलं आणि लोखंड पुढे सरकवलं. मग तो इतकी वर्षं हेच मनात घेऊन बसला की आपण न विचारताच हातोडी आडवी का ठेवली नाही. आणि ती हे घेऊन बसली की एक साधं हो आपल्याला का म्हणता आलं नाही. तिच्याकडे बघितलं की त्याला ती दुपार दिसायची, म्हणून त्याने रडायला दुसरं तोंड शोधलं. हे कळल्याने तिचा राग गेला नाही. फक्त इतका वेळ तो एकट्या त्याच्यावर होता, त्यातला अर्धा आता परत तिच्याकडे आला.

त्याने पुन्हा वाजवलं, आता अगदी हळू.

तिने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि पलंगाच्या पट्टीवर आडवा ठेवला.

मग तो रडला. तारेने बांधलेल्या तोंडाने रडता येत नाही. हुंदका आला की जबडा हलतो, आणि हलला की प्राण कंठाशी येतात. तो उशी मुठीत धरून, घशातून गुरासारखा आवाज काढत रडत होता.

"दुखू दे," घणवाली म्हणाली, आणि त्याच्याजवळ पलंगावर चढून बसली.